चित्रकलेची खोली आणि बाळकुमची तिवरं

सोमवार, ४ जुलै १९९४

हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं आणि स्वतःहून चहा मागवला. तेव्हाच ओळखलं की माझं काहीतरी काढून घेणार आहेत.

कोणा माजी विद्यार्थ्याने शाळेला सहा कॉम्प्युटर देऊ केलेत. त्यांना खोली हवी. कोपऱ्यातली, उत्तरेकडून उजेड येणारी, आत नळ असलेली. म्हणजे माझी. "कॉम्प्युटरला नळ कशाला लागतो?" मी विचारलं. "नळ बंद करून घेऊ," ते म्हणाले.

तेवीस वर्षं मी त्या खोलीत चित्रकला शिकवतो आहे. मुलांनी चित्रं कुठे काढायची, असं विचारलं तर म्हणाले, व्हरांड्यात, तिथे हवाही खेळती असते. मग बहुधा माझा चेहरा बघून त्यांनी टेबलावरचं एक परिपत्रक पुढे सरकवलं. सप्टेंबरात कल्याणला आंतरशालेय चित्रप्रदर्शन आहे. पहिल्या शाळेला फिरती ढाल. "ढाल आणा, म्हणजे समितीपुढे तुमच्या बाजूने बोलायला मला तोंड राहील. नाहीतर दसऱ्याला कॉम्प्युटर बसतील."

विषय: विषुववृत्तीय वर्षावनांची तोड व तिचे परिणाम. माध्यम: पोस्टर कलर. नियम एकूण अकरा.

मी वर्षावन पाहिलेलं नाही. कर्जतच्या पुढे दोनदाच गेलेलो, दोन्ही वेळा लग्नाला.

शनिवार, ९ जुलै

नववी ब ला विषय दिला. एक्केचाळीस चित्रं आली. त्यांपैकी अडतीस चित्रांत दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि नारळ. हे चित्र मीच त्यांना पाचवीत शिकवलं होतं. फरक एवढाच की नारळाला आता कुऱ्हाड लावलेली आहे.

सहदेवने रडणारा वाघ काढला. त्याला म्हटलं, अरे, अॅमेझॉनच्या जंगलात वाघ नसतात. तो म्हणाला, "सर, तोडलं म्हणूनच नसतील ना." मी पुढे गेलो.

बुधवार, २० जुलै

भूगोलाच्या बाईंनी एक परदेशी मासिक आणून दिलं. त्यातला जंगलाचा फोटो फळ्यावर लावला. उंच झाडं, लोंबत्या वेली, मोठ्या चोचीचा एक पक्षी. आता एक्केचाळीसपैकी चाळीस चित्रांत मोठ्या चोचीचा पक्षी आहे. याला प्रगती म्हणायला हरकत नाही.

एक्केचाळिसावा कागद कोरा आहे. तो शकू वैतीचा. ही मुलगी बाळकुमहून बसने येते. घर खाडीवर, घरात होडी आहे. वर्गात शेवटच्या बाकावर बसते आणि बोलायला लागली की गप्प करणं कठीण, कारण ती माझीच वाक्यं मला परत करते.

"सर, हे जंगल मी बघितलेलं नाहीये."

"कोणीच बघितलेलं नाही. फोटो बघून काढ."

"पण तुम्हीच स्मरणचित्राच्या तासाला बोलता ना, बघितलेलंच काढायचं."

बोलतो खरा. पण ते परीक्षेपुरतं.

मग म्हणाली, "आमच्याकडे पण झाडं तोडतायत सर, खाडीतली तिवरं. ती काढू?" मी तिला विषयाचा मथळा पुन्हा वाचायला लावला. बाळकुम विषुववृत्तावर येत नाही. तिने वाचला आणि खिडकीबाहेर बघत बसली. शेवटी कंटाळून म्हटलं, काढ बाई काय काढायचं ते, पण काढ.

मंगळवार, २ ऑगस्ट

आम्ही फ्लॅट नोंदवलाय त्या बिल्डरचं पत्र आलं. आमच्या 'वनछाया कॉम्प्लेक्स'च्या जागेवर भराव वेळेत पूर्ण होईल, दिवाळीनंतर जोत्याचं काम. सोबत रंगीत माहितीपत्रक. त्यावर इमारतींच्या भोवती जी झाडं काढली आहेत ती कोणीतरी यथार्थदर्शन न शिकता काढलेली आहेत. सगळी झाडं हवेत तरंगतात.

मंजुळाने ते पत्रक देवघराशेजारी टाचून ठेवलं. वर्तकनगरच्या या दोन खोल्यांत तिची लग्नानंतरची अठरा वर्षं गेली. नव्या घरात तिला खाडीकडची गॅलरी हवी आहे. जागा बघायला जाऊ म्हणते. म्हटलं, प्रदर्शन होऊ दे, मग जाऊ. आत्ता तिथे बघायला आहे काय, नुसता चिखल.

सोमवार, २२ ऑगस्ट

नारळी पौर्णिमेच्या आधी चार दिवस शकू आली नव्हती. कारण विचारलं तर "होडीचं काम होतं." नखं काळी कुळकुळीत. आज गुंडाळी केलेला कागद माझ्या टेबलावर ठेवून जागेवर जाऊन बसली.

इथे खोटं लिहून उपयोग नाही. तेवीस वर्षांत माझ्या वर्गात असा हात आलेला नाही. अर्धाअधिक कागद चिखलाने भरलेला, पण तो चिखल ओला दिसतो. मागे बुटक्या झाडांची रांग. उजव्या कडेला पिवळ्या यंत्राचा फक्त दातेरी जबडा, बाकीचं यंत्र कागदाबाहेर. मी उभा राहून किती वेळ बघत होतो कोण जाणे. तास संपल्याची घंटा मला भिवाजीने येऊन सांगितली. शिपायाने शिक्षकाला घंटा झाल्याचं सांगावं, हे बरं दिसत नाही.

दोष आहेत. एक, चिखलातून शेकडो काळे खिळे वर आलेत. हे काय, विचारलं. म्हणाली, "मुळं आहेत. श्वास घ्यायला वर येतात." मुळं जमिनीत खाली जातात हे नववीच्या मुलीला माहीत असायला हवं. "तिवराची वर येतात सर," ती म्हणाली. दोन, चित्राच्या मधोमध झाडांतून एक वाकडातिकडा पट्टा कोराच सोडलाय. अपुरं काम. तीन, पक्षी नाही. चार, कागदाला रस्त्याच्या कामासारखा वास येतो.

ढाल आणील तर हेच चित्र आणील. पण असं पाठवता येणार नाही.

शनिवार, ३ सप्टेंबर

आज दुपारी शाळा सुटल्यावर शकूच्या चित्रावर शेवटचा हात फिरवला.

शेवटचा हात फिरवणं यात गैर काही नाही. ठाणे जिल्ह्यात असा चित्रकला शिक्षक दाखवा जो प्रदर्शनाला जाणाऱ्या चित्रावर हात फिरवत नाही. माझ्या शिक्षकांनी माझ्या चित्रावर फिरवला होता. त्या चित्राला बक्षीस मिळालं होतं आणि मी त्या बक्षिसामुळेच चित्रकलेकडे वळलो. कधीकधी मनात येतं की बक्षीस त्यांना मिळालं होतं, वळलो मात्र मी.

झाडं उंच केली. वेली सोडल्या. काळ्या खिळ्यांवर हिरवं गवत घ्यायला गेलो तर रंग बसेना, थेंब थेंब होऊन बाजूला पळत होता. तेलकट पृष्ठभागावर ब्रश साबणावर फिरवून घ्यावा लागतो, ही युक्ती नव्या मास्तरांना माहीत नसते. तीन थर दिले तेव्हा खिळे गेले. मधल्या कोऱ्या पट्ट्यात मोठ्या चोचीचा पक्षी बसवला. छान बसला. चार तास लागले. आता हे चित्र पहिल्या नंबराचं दिसतं.

सोमवार, ५ सप्टेंबर

शकूला चित्र दाखवलं. तिने जवळून बघितलं, मग लांबून.

"सर, हे कोणाचंय?"

"तुझंच. खाली नाव बघ."

तिने नाव बघितलं. नाव मी घातलं होतं, माझ्या अक्षरात, कारण तिचं अक्षर वाकडं येतं. मग जागेवर जाऊन बसली. ही मुलगी बोलली नाही याची मला सवय नाही.

बुधवार, १४ सप्टेंबर

फाटकावर 'झाडे वाचवा, पृथ्वी वाचवा' असा कापडी फलक लावला. रस्त्यावरून दिसत नव्हता, म्हणून हेडसरांनी भिवाजीकडून गुलमोहराच्या दोन फांद्या तोडवल्या. आता दिसतो.

शनिवार, २४ सप्टेंबर

कल्याण. आजच लिहून टाकतो.

आमच्या शाळेची सहा चित्रं होती. परीक्षक बाई फिरत फिरत आल्या त्या थेट शकूच्या चित्रापाशी थांबल्या. मला वाटलं, झालं काम. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागदाच्या अगदी जवळ जाऊन वास घेतला आणि विचारलं, "मुलाखतीला विद्यार्थी कुठे आहे?" नियम क्रमांक नऊ. मी तो वाचला होता, पण आजवर कुठल्याच प्रदर्शनात कोणी पाळला नव्हता.

शकू पुढे गेली.

"चित्र तू काढलंस?"

"थोडं."

"म्हणजे?"

"वरची झाडं सरांची आहेत. पक्षी पण सरांचा. खालचं माझंय, पण ते आता दिसत नाही. सरांनी झाकलंय."

चिडून म्हणाली नाही. भूगोलाच्या तासाला नकाशावर गाव दाखवावं तसं बोटाने दाखवून म्हणाली. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे.

आमची सहाही चित्रं बाद झाली. ढाल एका शाळेच्या थर्माकोलच्या जंगलाला मिळाली, त्याला पोस्टर कलर दिलेला होता आणि त्यात विजेवर चालणारी करवत होती. इतर शाळांचे दोन मास्तर चहाच्या टपरीवर माझी समजूत घालत होते. "सगळेच करतो हो. तुमच्या पोरीने तोंड उघडलं, एवढंच."

परतीच्या एसटीत शकू पुढच्या सीटवर बसली होती. मला तिचा राग आला होता. मुंब्र्यापर्यंत होता. पुढे तो माझ्याकडे वळला आणि ठाणे आलं तरी उतरला नाही.

बुधवार, २८ सप्टेंबर

प्लेगच्या बातमीमुळे सगळी मुलं नाकाला रुमाल बांधून येतात. त्यामुळे कोण हसतंय ते कळत नाही. या आठवड्यात मला त्याची सोय झाली.

दुपारी हेडसरांनी पाठवलेला एक माणूस टेप घेऊन आला आणि खोलीची मापं घेऊन गेला.

शनिवार, ८ ऑक्टोबर

खोली रिकामी केली. वस्तुचित्रासाठी ठेवलेला माठ, तांब्या, पितळी समई, लाकडी घन हे सगळं भिवाजीने जिन्याखाली नेलं. प्लंबर सोमवारी नळ बंद करायला येणार. मी भिवाजीला म्हटलं, तू जा, मी कुलूप लावतो.

शकूचं चित्र भिंतीशी उभं होतं. ते घरी न्यायची हिंमत नव्हती आणि टाकून द्यायचीही. माझा पक्षी तेवढा डोळ्यांत खुपत होता. निदान तो काढावा म्हणून कागद पाटावर लावला, नळाखाली कापूस ओला केला आणि हळूच फिरवला.

पक्षी लगेच गेला. साबणामुळे हिरवा रंगही धरून राहिला नव्हता, भराभर सुटू लागला. झाडं गेली, वेली गेल्या. मी थांबायला हवं होतं, कारण आता तिचा चिखलही पाण्याबरोबर निघाला, पिवळा जबडाही. बेसिनमध्ये सगळं एक होऊन वाहून गेलं. घाबरून कापूस टाकून दिला.

कागदावर खिळे राहिले होते. एकही हलला नव्हता. शेकडो, काळे, चकचकीत, आणि त्यांच्यामधून तो कोरा पट्टा वाकडा होत होत कडेला जात होता. बोट फिरवून वास घेतला. डांबर. होडीला लावायचं डांबर. पोरीने मुळं होडीच्या डांबराने काढली होती.

मला लाज वाटली. याहून वेगळा शब्द सापडत नाही. नळ नीट बंद केला. तो नेहमी थोडा गळतो.

रविवार, ९ ऑक्टोबर

शाळेच्या रजिस्टरमधून शकूचा पत्ता काढून बाळकुमला गेलो. मंजुळाला म्हटलं, एका विद्यार्थिनीकडे काम आहे. ती म्हणाली, जाताय तर आपली जागाही बघून या.

दोन्ही कामं एकाच गल्लीत निघाली. गल्लीच्या टोकाला पत्र्याचं कुंपण आहे आणि त्यावर फलक: वनछाया कॉम्प्लेक्स. पत्र्याच्या फटीतून बघितलं. दगड, माती, तुटक्या विटा, सपाट. डंपर ये-जा करत होते. शकूचं घर कुंपणाआधीचं शेवटचं.

अंगणात होडी उलथी घातलेली. काळीभोर, नवं डांबर लावलेली, तळाला एक ओरखडा नाही. शकूचा आजा धाकू वैती ओटीवर बसला होता. राघो, म्हणजे तिचा बाप, रविवार असूनही कुठे वॉचमनच्या कामाबद्दल विचारायला गेलेला. शकूने मला बघितलं आणि आत जाऊन पाणी आणलं. तेवढ्यात मी कागद उघडला.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "धुतलंत. पण चिखल पण गेला, सर."

"हो. चूक झाली. आधीची पण माझीच." विद्यार्थ्याला हे वाक्य यापूर्वी म्हटल्याचं मला आठवत नाही. वाटलं होतं त्यापेक्षा ते छोटं निघालं.

म्हाताऱ्याने कागद मांडीवर घेतला. त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्याने त्या कोऱ्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि खालून वर नेत गेला, खिळ्यांना न शिवता, प्रत्येक वळण घेत.

"यी आमचे होरीची वाट," तो म्हणाला. "बापाचे टायमापासून. यानशीच खारीन निंगायचू. आता पौर्निमेला डांबर लावला नं आठ दिसान यांनी वाट बुजवली. होरी हय नं पानी नाय."

तिथे मी पक्षी बसवला होता, हे मी त्याला सांगितलं नाही.

"तुमी कुठं ऱ्हाता, मास्तर?"

"वर्तकनगरला," मी म्हणालो. अजून तरी ते खरं आहे.

कागद तिथेच ठेवून निघालो. शकू गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. म्हटलं, चिखल पुन्हा काढशील? म्हणाली, "आता कसा काढू? आता तिकडे काही नाहीये." मी म्हणालो, स्मरणचित्र. तिने मानेने हो म्हटलं, हसलीही असं वाटलं. नक्की सांगता येत नाही, तिने रुमाल बांधला होता.

घरी मंजुळाने विचारलं, भराव कुठवर आला? म्हटलं, पूर्ण झाला. ती खूश झाली. गॅलरीतून खाडी दिसेल का, विचारलं. दिसेल म्हटलं. मला जेवण गेलं नाही. उन्हातून आलात म्हणून, असं तीच म्हणाली.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

दसरा. माझ्या खोलीत कॉम्प्युटरना झेंडूचे हार घातले, हळदकुंकू वाहिलं. एका कॉम्प्युटरच्या फटीत कुंकू गेलं आणि तो सुरू होईना. हेडसर मला म्हणाले, "तुमच्याकडे बारीक ब्रश असेल ना?" दिला. झिरो नंबरचा.

सोमवार, २१ नोव्हेंबर

दिवाळीनंतर आज पहिला तास व्हरांड्यात. हवा खरंच खेळती आहे, कागद उडतात. प्रत्येक कागदावर मुलं आपापली चप्पल ठेवतात आणि अनवाणी बसून काढतात.

विषय दिला: पूर्वी होतं, आता नाही. स्मरणचित्र. फोटो नाही, फळ्यावर काही नाही. सहदेवने विचारलं, "सर, वाघ चालेल?" चालेल म्हटलं.

शकू खांबाजवळ बसली होती. ती खाडी काढणार हे ठरलेलंच होतं, म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो. तिथून मला तिची फक्त पाठ दिसत होती आणि तिला बहुधा हेच बरं वाटत होतं.

घंटा झाल्यावर कागद गोळा केले. तिचा सगळ्यात वर होता. खाडी नव्हती. उत्तरेची खिडकी होती. दोरीवर वाळत घातलेली चित्रं, माठ, समई, आणि गळता नळ, त्याला एक थेंब. मध्ये एक माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी कागदावर वाकलेला, हातात ब्रश. डोकं धडाच्या मानाने फार मोठं झालंय. प्रमाण मी सहावीत शिकवलेलं आहे. बरोबर करायला पाच मिनिटं लागली असती. ब्रश ओला करून हातात घेतलासुद्धा होता.

रुमालाने पुसून खिशात ठेवला. तिला हाक मारली.

"खाली नाव घाल."

"घातलंय, सर."

बघितलं. घातलं होतं. अक्षर वाकडं आहे.